वॉर्डातला पहिला शब्द तुम्हाला कुणी शिकवला? (सीमाभागातल्या नर्सिंगच्या मुलामुलींसाठी अनुभव धागा)

मी बेळगावात वाढले, मराठी शाळेत शिकले आणि गेली 22 वर्षं नर्सिंगच्या मुलांना वॉर्डात शिकवते आहे. माझ्या स्वतःच्या पहिल्या पोस्टिंगची एक गोष्ट आधी सांगते.

फीमेल मेडिकल वॉर्ड, सकाळची ड्युटी. खाटेवरच्या आज्जी मला सांगत होत्या, "होट्टि ब्यानि आग्यदव्वा." मी पुस्तकातून 'नोवु' म्हणजे दुखणं एवढं पाठ करून गेले होते. 'ब्यानि' मला कळेना. आज्जींनी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा तोंड भिंतीकडं फिरवलं. शेजारच्या खाटेवरची बाई शेवटी म्हणाली, "अगं, पोट दुखायलंय त्यांचं." इकडच्या कन्नडात दुखण्याला ब्यानि म्हणतात हे मला तिनं शिकवलं. त्या आज्जींची वळलेली पाठ मला आजही दिसते.

बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचं, जी.एन.एम. म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा 3 वर्षांचं. वर्गात इंग्रजी, घरी मराठी, रुग्ण कन्नड बोलणारा. 2021 पासूनच्या नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात 'कम्युनिकेटिव्ह इंग्लिश' आहे. खाटेवरचं माणूस मात्र वेगळ्याच भाषेत कण्हतं. शिक्षण सोडायला निघालेली जी मुलं माझ्याकडं आली, त्यांतली फार थोडी अॅनाटॉमीला घाबरून आली होती. बाकीच्यांना आपण इथले नाही असं कुणीतरी जाणवून दिलेलं होतं. कधी भाषेवरून, कधी आडनावावरून, कधी डोक्यावरच्या ओढणीवरून, कधी 'बाप्यानं हे काम कशाला करायचं' म्हणून. आणि जी टिकली त्यांच्यामागं कुणीतरी एक माणूस होतं.

त्या माणसानं नेमकं काय केलं, ते लिहा. कॉलेजचं, दवाखान्याचं, माणसाचं नाव नको. गाव आणि वर्ष पुरे.

खानापूर तालुका, बी.एस्सी. तिसरं वर्ष

पहिली ते दहावी गावातली मराठी शाळा. सीईटीच्या वेळी ग्रामीण आरक्षणाचा दाखला उपयोगी पडला. कन्नड माध्यमाचा 5 टक्के कोटा अर्थातच आमच्यासाठी नव्हता.

वॉर्डात मला ओव्हर घ्यायची, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती समजून घ्यायची भीती वाटायची. रात्रीच्या सिस्टर कन्नडात भराभर सांगायच्या, मी नुसती मान हलवायची. एकदा अशीच मान हलवली आणि एका पेशंटला उपाशी ठेवायचं होतं ते माझ्याकडून राहिलं. त्याला चहा मिळाला, त्याचं ऑपरेशन दुपारवर गेलं. मला सगळ्यांसमोर बोलणी बसली आणि ती बरोबरच होती. पण 'तुला समजलं का' असं त्या आधी कुणीच विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गोकाकची एक सीनियर अक्का माझ्या खोलीत आली. युनिफॉर्मच्या खिशात मावेल एवढी वही तिनं आणली होती. एका बाजूला कन्नड वाक्य, समोर माझ्या हातानं मराठी लिहून घेतलं. 'उसर तगोरि' म्हणजे श्वास घ्या, 'बिड्री' म्हणजे सोडा. सुई टोचताना 'कै सडल बिड्री', हात सैल सोडा. लिहिता लिहिता मी म्हटलं, वांतीला काय म्हणतात? ती म्हणाली, वांति. जुलाबाला? जुलाबु. औषधाला? औषध. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. पंधरा दिवस मी ज्या भाषेला भीत होते, तिच्यातले कितीतरी शब्द माझ्या आईच्या तोंडातले होते.

बदल्यात तिनं माझ्याकडून मराठी शिकून घेतली. ती आता स्टाफ आहे आणि चंदगडकडचे पेशंट आले की तिलाच हाक मारतात.

निपाणी, जी.एन.एम. दुसरं वर्ष

आई विड्या वळते. सूप मांडीवर घेऊन बसलेली आई आणि तिचा खोकला, यातूनच मी नर्सिंगला आले म्हटलं तरी चालेल.

हॉस्टेलवर पहिल्या रात्री प्रश्न आला, "तुमचं आडनाव काय? म्हणजे कोण तुम्ही?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिघींपैकी एकीनं खोली बदलून मागितली. कारण दिलं पंख्याचं. मला पंख्याखालची खाट सुद्धा नव्हती.

आमच्या वॉर्डन मॅडमनी कुणाला बोलावलं नाही की भाषण दिलं नाही. त्यांनी खोल्या निवडायची पद्धतच बंद केली. हजेरी क्रमांकानं खोल्या, दर सहा महिन्यांनी बदल, अर्ज चालणार नाही. पाण्याचं पिंप मजल्यावर एकच ठेवलं. आज त्याच मुलीबरोबर मी रात्री केअर प्लॅन लिहीत बसते. ती बदलली की नाही ते मी विचारलेलं नाही. पण नियम असा पाहिजे की माझं शिक्षण तिच्या बदलण्यावर अडून राहू नये.

आणखी एक, पैशाचं. स्कॉलरशिप राज्याच्या एसएसपी पोर्टलवर मंजूर दिसत होती, खात्यात येत नव्हती. ऑफिसमधल्या एका सरांनी बघून सांगितलं की आधार बँकेशी जोडलेलं आहे ते आईच्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला. बँकेत जाऊन ते बदललं आणि पैसे आले. हे सांगणारं माणूस नसतं तर मी पहिल्याच वर्षी परत विड्यांच्या सुपापाशी असते.

चिकोडी, जी.एन.एम. झालेला, आता आयसीयूत

मी मुलगा. गावात अजून 'कंपौंडर' म्हणतात, त्याचं काही नाही. अडचण झाली ती लेबर रूमला. आमच्या लॉगबुकात बाळंतपणाच्या केसी मुलांनाही भराव्या लागतात, आणि दारातच सिस्टर म्हणायच्या, "तू बाहेर थांब." बाहेर थांबून केसी कशा भरायच्या? काही पोरं दुसऱ्यांच्या वहीतून उतरवायची. मला ते करायचं नव्हतं.

आमच्या ट्यूटर मॅडम मला घेऊन आधी बाईच्या सासूकडं गेल्या. म्हणाल्या, "मावशी, हा माझा विद्यार्थी. उद्या एखाद्या खेड्यात रात्री हाच एकटा असेल. तुमच्या सुनेची हरकत नसेल तरच तो आत येईल, आणि मी त्याच्या शेजारी उभी असेन." मग त्या आत जाऊन सुनेला वेगळं विचारून आल्या. सासूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुला बहीण हाय काय?" हाय म्हटलं. "मग ये."

दोन बायकांनी नको म्हटलं तेव्हा मॅडम मला बाहेर घेऊन आल्या, तेही मी शिकलो. नाही म्हणायचा हक्क त्या बाईचा आहे, दारातल्या सिस्टरचा नाही. आज कॅथेटर असो की स्पंजिंग, मी आधी विचारतो.

बेळगाव शहर, बी.एस्सी. दुसरं वर्ष

घरात दखनी, गल्लीत मराठी, त्यामुळं भाषेचा त्रास नाही झाला. मी हिजाब वापरते. 2022 मध्ये मी शाळेत होते, तेव्हा हिजाबवरून आजूबाजूला जे चाललेलं होतं त्यानंतर अब्बा म्हणाले होते, घरीच बस.

इथं मी स्वतःच मॅडमना भेटले आणि विचारलं. त्यांनी मला दोन याद्या करायला लावल्या. इन्फेक्शन कंट्रोलसाठी काय लागतं ते एका बाजूला, नुसती सवय म्हणून काय चालत आलंय ते दुसऱ्या बाजूला. कोपरापासून खाली हात उघडे पाहिजेत, हे पहिल्या यादीत. त्यात सूट नाही आणि मला मागायचीही नव्हती. हात धुताना आणि प्रोसिजरला बाही वर, नंतर खाली. लोंबणारी ओढणी नको, हेही पहिल्याच यादीत. पण केस झाकायची पांढरी कापडी टोपी, कानामागं बांधायची, ती कुठल्याच नियमात अडत नव्हती. ऑपरेशन थिएटरात तर सगळेच घालतात. अम्मीनं चार शिवून दिल्या, रोज उकळून धुते.

नियम कशासाठी आहे हे समजावून सांगितलं तर आम्ही पाळतो हो. नुसतं 'काढ' म्हटलं की माणूस दारातूनच परत जातं.

अथणी तालुका, एवढंच लिहिते

माझी आई देवदासी होती. देवाला मुली सोडायला बंदी करणारा कायदा 1982 चा, पण फॉर्मवरचा वडिलांच्या नावाचा रकाना गेला नाही. अॅडमिशनच्या रांगेत खिडकीतून मोठ्यानं विचारलं गेलं, "फादर्स नेम?" मागं तीस जण उभे होते.

एका मॅडमनी माझा फॉर्म हातात घेतला, तिथं आईचं नाव स्वतःच्या पेननं लिहिलं आणि खिडकीत परत दिला. माझ्याकडं वळून फक्त म्हणाल्या, "जेवलीस?"

धागाकर्ती

अथणीच्या बाळा, तू लिहिलंस. मी वाचून बराच वेळ काही लिहू शकले नाही.

कॉलेजात शिकवणाऱ्यांना एक सांगते. फॉर्मवरचे प्रश्न खिडकीतून मोठ्यानं विचारायचे नसतात. एक टेबल, दोन खुर्च्या, दार लोटलेलं. याला निधी लागत नाही. आमच्याकडं आम्ही हे केलंय आणि प्रवेशाचं काम अर्ध्या दिवसानंही लांबलेलं नाही.

येळ्ळूर, एका विद्यार्थिनीचा बाप

मी शिकलेला नाही फार. आमची जात इकडं कर्नाटकात ओबीसीच्या 3बी गटात. दाखला काढायला चार चकरा झाल्या, झाल्या. पोरीच्या रात्रपाळीची काळजी होती. कॉलेजनं पालकांना एकदा रात्री नऊ वाजता बोलावून वॉर्ड दाखवला, पोरी कुठं बसतात, परत कशा येतात ते सगळं. मराठीत सांगितलं. त्या दिवशी मी घरी येऊन मंडळीला सांगितलं, पोरगीला करू दे.

चंदगड (पण शिकले बेळगावात)

जिल्हा कोल्हापूर, बाजारहाट बेळगावचा. जातीचा दाखला महाराष्ट्राचा, तो इकडच्या राखीव जागेला चालला नाही. प्रवेश घ्यायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर फीचा विचार वेगळा केला असता. नव्या मुलींनो, हे आधी विचारून घ्या.

बैलहोंगल, बी.एस्सी. झालेली

नमस्कार. माझी मातृभाषा कन्नड. मराठी मी कम्युनिटी पोस्टिंगमध्ये शिकले, चुका सांभाळून घ्या.

आमची पोस्टिंग खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूला होती. पाऊस असा की छत्रीचा उपयोग नाही. घरोघर जाऊन गरोदर बायकांची माहिती घ्यायची होती. मी कन्नडात विचारत होते, त्या हसून आत जात होत्या. मला वाटलं मला टाळतात. मग रडू आलं.

वर खानापूरच्या मुलीनं लिहिलंय ना, तसंच माझं उलटं झालं. आमच्या ग्रुपमध्ये एक मराठी मुलगी होती, वर्गात कधी बोलायची नाही. तिथं तीच पुढं झाली. तिनं मला सांगितलं, "तू एकदम पाळी कधी चुकली असं विचारू नको. आधी विचार, 'भात लावून झाला काय?'" मी ते वाक्य पाठ केलं. पुढच्या घरात एक बाई चुलीजवळ बसली होती. मी म्हटलं, "मावशी, भात लावून झाला काय?" तिनं पाट सरकवला. पाऊण तास बसले. तिला आठवा महिना होता, पाय सुजलेले, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बीपी बघितलं, 150 वर 100. त्याच दिवशी आशाताईंनी तिला पुढं पाठवलं.

वर्गात मागच्या बाकावर बसणारी ती मुलगी आमची लीडर झाली. सरांनी पुढच्या वर्षीपासून प्रत्येक ग्रुपमध्ये कन्नड आणि मराठी दोन्ही मुली ठेवल्या.

संकेश्वर, बी.एस्सी. चौथं वर्ष

शाळेत असताना ट्रॅक्टरखाली पाय सापडला. उजवा पाय आखूड आहे. नर्सिंगमध्ये दिव्यांगांसाठी 5 टक्के जागा आहेत, पण इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं फक्त पायाचं, तेही 40 ते 50 टक्के अपंगत्व असणाऱ्यांना. माझं 42. दोन टक्क्यांनी मी आत आले असं लोक म्हणतात.

मला दया नको होती, स्टूल पाहिजे होतं. ड्रेसिंग करताना उंच स्टूलवर बसलं की माझे दोन्ही हात मोकळे राहतात. उभं राहून केलं की एक हात खाटेला धरावा लागतो आणि मग निर्जंतुक क्षेत्र बिघडतं. हे मी सांगितलं तेव्हा एका वॉर्डच्या इन्चार्ज म्हणाल्या, "बसून ड्रेसिंग? पेशंट काय म्हणेल?" दुसऱ्या वॉर्डच्या इन्चार्जनी स्टोअरमधून जुनं स्टूल काढलं, त्याची चाकं काढून खाली रबर बसवून घेतलं आणि ट्रॉलीला अडकवून ठेवलं. पेशंट म्हणाला, "बसा सिस्टर, निवांत करा."

आता त्या वॉर्डात बाकीच्या सिस्टर पण लांबलचक ड्रेसिंगला तेच स्टूल घेतात.

खानापूर तालुका, परत मीच

मॅडम, तुमचा ब्यानि शब्द आमच्या वहीत होता, पण 'तली ब्यानि' म्हणजे डोकं दुखणं, 'सोंट ब्यानि' म्हणजे कंबर दुखणं, एवढंच. आणखी एक घाला. आमच्या वॉर्डात म्हातारी माणसं दुखतंय असं सरळ सांगतच नाहीत. 'आराम इल्ल', म्हणजे बरं नाही, एवढंच म्हणतात आणि गप्प बसतात. तेव्हा पुढचं आपण विचारायचं असतं.

धागाकर्ती

घातला. सोमवारी पहिल्या वर्षाची 60 मुलं पहिल्यांदा वॉर्डात येतायत. गोकाकच्या त्या वहीचे फोटो काढून पाठवशील? रविवारी बसून मी त्याच्या झेरॉक्स काढते. अजून कुणाकडं अशी वही असेल तर शनिवारपर्यंत पाठवा. लेबर रूममधली वाक्यं माझ्याकडं कमी आहेत.