पुंगळी परदेशी पाठवण्याबद्दल

पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलेली तोफगोळ्याची पितळी पुंगळी लंडनच्या चुलतभावाला पोस्टानं पाठवावी का, असं दादांनी विचारलंय. आत स्फोटक दारू नाही म्हणून हरकत नाही, असं काहींचं मत. मला ते पटत नाही.

जागतिक टपाल संघाच्या नियमांत निकामी गोळे, ग्रेनेड आणि त्यांच्या प्रतिकृतीही मुळात निषिद्ध आहेत.  कारण साधं आहे, एक्स-रेत आकार दिसतो, आतला रिकामेपणा सिद्ध होत नाही.

त्याहून मोठा अडथळा वयाचा. बुडावर ठोकलेलं साल बघा. १९१४-१८ मधली असेल तर शंभरी उलटलीय, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं ऐतिहासिक महत्त्वाची अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती पुरावशेष ठरते का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला विचारा, कुरिअरवाल्याला नव्हे.

आणि पुंगळीच्या तोंडात गोळा बसलेला असेल किंवा बुडातली टोपी (दारूला ठिणगी देणारा छोटा भाग) न फुटलेली असेल, तर कृपा करून घासूपुसू नका. तिथंच ठेवून पोलिसांना कळवा, बॉम्बशोधक पथक येऊन बघेल. कोल्हापूर जिल्ह्यात बऱ्याच घरांतून माणसं फौजेत गेली आहेत, अशा वस्तू अनेक माळ्यांवर असतील.