'ऐपत नव्हती तर घासलं कशाला?' याला उत्तर

रामबागकर
काल आपल्या इंदूरच्या गटावर सुदामानगरकर यांनी लिहिलं: "क्रेडिट कार्डाच्या कर्जात बुडालेले लोक चैनीची फळं भोगतायत. ऐपत नव्हती तर घासलं कशाला?" खाली नुसते अंगठ्यांवर अंगठे. मला रात्री झोप लागली नाही.

मी कार्ड घासलं ते एका खाजगी हॉस्पिटलच्या काउंटरवर. 2022 च्या पावसाळ्यात बाबांना अटॅक आला, मेडिक्लेम नव्हता, आधी 1 लाख भरा म्हणाले. ही चैन?

बिल आलं. एकूण देय 1,00,000, शेजारी किमान देय 5,000. वाटलं, बँकेने सवड दिली. दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज. 5,000 भरले, उरलेल्या 95,000 वर 3,325 व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 598. पुढचं बिल 98,923. पाच हजार खिशातून गेले आणि कर्ज उतरलं हजार-अकराशेने. वर, पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदतही जाते. बाबांची औषधं त्याच कार्डावर येत होती, त्यांवर घेतल्या दिवसापासून व्याज. कार्ड देणारा पोरगा "लाइफटाइम फ्री आहे भिया" एवढंच बोलला होता.

माणूस अडलेला असताना त्याच्यासमोर मोठ्या आकड्याशेजारी छोटा आकडा ठेवायचा, आणि तो छोटा भरत राहिला की वर्षानुवर्षं त्याच्यावर कमवायचं. माझा राग यावर आहे.

सुदामानगरकर
बाबांचं वाचून वाईट वाटलं, ते तुमच्यासाठी लिहिलं नव्हतं. पण माझं जेल रोडवर मोबाइलचं दुकान आहे. पंधरा हजार पगाराचा पोरगा ऐंशी हजारांचा फोन मागतो. मागच्या दिवाळीत एकाने तीन कार्डांवर रक्कम वाटली, तिसरं त्याच्या आईचं. मी स्वतः म्हटलं, बेटा, जुना फोन चालतोय ना? तो शेजारच्या दुकानात गेला. अशांना काय म्हणू?

निवृत्त बँकवाला
रामबागकर, हिशेब चुकलाय. व्याज बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं. म्हणजे तुम्ही दाखवलंय त्याहून जास्तच गेलं असणार.

पण बँकेला शिव्या देण्याआधी हे बघा की या कर्जाला तारण नाही. घर नाही, सोनं नाही, जामीन नाही. बुडालं की बुडालं. म्हणून तर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2023 मध्ये बँकांच्या कार्ड-कर्जाचं जोखीम वजन, म्हणजे कर्ज बुडण्याच्या धोक्यापोटी बँकेने किती स्वतःचं भांडवल राखायचं त्याचं माप, 125 वरून 150 टक्के केलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वर्षाला 30 टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने 20 डिसेंबर 2024 ला रद्द केलं. आणि फक्त किमान रक्कम भरली तर कर्ज लांबत जाईल, हा इशारा बिलावर असतो. वाचत नाही कोणी.

रामबागकर
काका, कोर्टाने दर कायदेशीर म्हटला, मी कुठे बेकायदेशीर म्हटलं? आयसीयूच्या बाहेर बसून बारीक अक्षरं वाचायची होती का मी? वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत करायचे असा नियम आहे. मला रात्री साडेनऊला यायचे. एकदा बहिणीच्या सासरी गेला. तेही जोखीम वजनात बसतं का?

तिलकनगरची ताई
म्हणून मी सुनेला सांगते, बीसी (भिशी) बरी. आम्ही वीस जणी, महिन्याला दोन-दोन हजार. जिला गरज तिने उचलावी. माझ्या मुलीची फी दोनदा बीसीतून भरली. ना फोन ना जीएसटी.

जुना छावणीवाला
ताई, बीसीचं नाव काढू नका! आमच्या गल्लीतला बीसी चालवणारा रातोरात घर रिकामं करून गेला. माझे बहात्तर हजार होते. पोलिसांनी विचारलं, पावती? रोज सोबत पोहे खाणाऱ्या माणसाकडे पावती कोण मागतं?

तिलकनगरची ताई
तुमचा माणूस खोटा निघाला, त्यात बीसीचा काय दोष? अकरा वर्षं चालवतेय, एकीचा रुपया बुडाला नाही.

निवृत्त बँकवाला
ताई, चिट फंडाचा, म्हणजे अशा भिशीचाच, कायदा 1982 पासून आहे. नोंदणीशिवाय अशी बीसी चालत नाही. आणि बोली लावता ना? 40,000 ची बीसी कोणी तिसऱ्या महिन्यात 32,000 ला उचलली तर ते 8,000 व्याजच झालं.

तिलकनगरची ताई
ते 8,000 आमच्या वीस जणींत वाटले जातात, उचलणारीलाही त्यातला वाटा मिळतो! बँक तुम्हाला वाटते का? कायदा सांगताय तर ऐका. माझे मिस्टर वारले त्या महिन्यात माझा हप्ता बाकीच्या जणींनी भरला. कोणत्या बँकेने कोणाचा भरलाय?

जुना छावणीवाला
आणि माझे बहात्तर हजार? तेव्हा कुठे होत्या त्या जणी?

सुदामानगरकर
बीसीचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. रामबागकर, "चैन" हा शब्द सरसकट वापरला, चुकलंच. हॉस्पिटलवाले सोडून. फोनवाल्यांबद्दल माझं मत तेच आहे.

रामबागकर
फोनवाल्या पोरालाही तोच छोटा आकडा दाखवतात ना? तुमच्याच काउंटरवर कार्डवाले उभे असतात, त्यांना दर विचारा सर्वांसमोर.

सुदामानगरकर
उभे असतात. खोटं बोलणार नाही. त्यांच्या सवलतीमुळे माझाही माल उठतो.

निवृत्त बँकवाला
रामबागकर, कार्ड अजून आहे का? बाकी फेडली असेल तर बंद करण्याचा अर्ज लेखी द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेला रोज 500 रुपये तुम्हाला द्यावे लागतात, 2022 चा नियम आहे. दर मला जास्त वाटत नाही. पण रात्री साडेनऊचा फोन चूक होता, हे मी बँकवाला म्हणून मानतो.

रामबागकर
मार्चमध्ये शेवटचे 11,400 फेडले काका. अर्ज उद्या टाकतो. बाबा आता बरे आहेत, त्यांना यातलं काही माहीत नाही.

तिलकनगरची ताई
पुढची बीसी 5 तारखेला आहे. छावणीवाले भाऊ, येऊन बसा, वही बघा आणि मग बोला.