मदत हवी आहे: खाडीतली तिवरं जगत नाहीत, आधी गाळ तपासायचा की पाण्याची वाट मोकळी करायची?

नमस्कार मंडळी. ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) या नवी मुंबईतल्या औद्योगिक पट्ट्याच्या खालच्या अंगाला आमचा कोळीवाडा. कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत आलं. शिवल्या, कालवं आता नावालाच मिळतात.

गेल्या दोन पावसाळ्यांत परवानगी घेऊन तिवराची ५०० रोपं लावली. ४० सुद्धा उरली नाहीत. प्लास्टिक काढलं, जाळीचं कुंपण केलं. गुरांचा त्रास नाही. जिथे जुना नाला भरावाने बुजलाय तिथे पाणी साचतं, चिखल काळाकुट्ट, सडक्या अंड्यासारखा वास, आणि तिथलीच रोपं आधी गेली. पन्नास पावलांवर भरती-ओहोटी नीट खेळते, तिथे न लावताच तिवरं उगवलीत! म्हणून मला दोष पाण्याच्या वाटेचा वाटतो. बाकीचे म्हणतात, गाळातला पारा-शिसं.

अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरात पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनाने भरलेला गाळ उपसला, हे माहीत आहे. तसला उपसा आमच्या आवाक्याबाहेर, शिवाय उपसताना खाली बसलेलं विष पुन्हा पाण्यात मिसळायची भीती. जागा कांदळवनाची, त्यामुळे यंत्र नाही, फावडी-घमेलीच. पैसे एका तपासणीपुरते.

असं काम प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगा: नाला हाताने मोकळा करण्याआधी गाळ तपासणं गरजेचं आहे का? असल्यास नमुना किती खोलीचा घ्यायचा आणि नेमके कोणते धातू तपासायला सांगायचे?