रिवाइंडिंगनंतर डीसी मोटरच्या ब्रशवर स्पार्किंग, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये १० एचपीची ४ पोल डीसी शंट मोटर आहे, २२० व्होल्ट, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) नुकतंच बाहेरून रिवाइंड करून, म्हणजे तारा नव्याने गुंडाळून आणलंय. वेव्ह वाइंडिंगच आहे, आधीसारखंच, म्हणजे आर्मेचरमध्ये करंटचे पॅरलल पाथ दोनच. नो लोडला एकदम शांत चालते पण लोड टाकला की ब्रशच्या मागच्या कडेला निळसर ठिणग्या, आणि लोड वाढेल तशा वाढतात, कडेचा कार्बन खडबडीत झालाय आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळा पडायला लागलाय.

बार टू बार ड्रॉप (कम्युटेटरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधला व्होल्टेज ड्रॉप) घेतला, सगळीकडे सारखा येतोय. पट्ट्यांमधला मायका अंडरकट केलेला (खाली कापलेला) आहे, ब्रश न्यूट्रलवरच, म्हणजे त्यांच्या योग्य जागीच आहेत. उलट दिशेने फिरवली तरी स्पार्किंग तेवढंच, म्हणून ब्रश सरकल्याची शक्यता मला कमी वाटते. माझा संशय इंटरपोलवर (मेन पोलच्या मधल्या छोट्या पोलवर) आहे. मोटरमध्ये फिरण्याच्या दिशेने बघितलं तर इंटरपोलची पोलॅरिटी मागच्या मेन पोलसारखी पाहिजे, जनरेटरला पुढच्यासारखी, आणि जोडताना इंटरपोलची टोकं उलटी लागली असतील तर कम्युटेशनला (ब्रशखाली कॉइलमधला करंट उलटण्याला) मदत व्हायच्या ऐवजी ते आणखी बिघडवणारच ना?

आता विचारायचं एवढंच की मोटर न खोलता, बंद असताना बॅटरी लावून होकायंत्राने ही पोलॅरिटी खात्रीने कशी तपासायची, आणि इंटरपोलमागचे शिम (पातळ पत्रे) कमीजास्त बसले असतील तर लक्षण असंच दिसतं का? सातपूर, अंबडकडे कुणी डीसी मशीनवर काम केलेलं असेल तर प्लीज सांगा, नवीन कम्युटेटर खराब होऊ द्यायचा नाहीये.