मदत हवी आहे: बार्बाडोसहून लंडनला परतताना बिझनेस क्लास (सीट, जेवण, सामान, सासू-सासऱ्यांचा व्हिसा)

रीडिंगकर

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत मुलीच्या शाळेला सुट्टी आहे तेव्हा बार्बाडोसला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी (वय ९) आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे (६६ आणि ७०). त्या दोघांकडे यूकेचा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा आहे. बजेट बघता बिझनेस क्लास एकाच बाजूचा जमेल. विचारायचं ते असं:

१. जाताना घ्यावा की येताना?
२. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सीट कुठली घ्यावी?
३. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. बुकिंगमध्ये "हिंदू मील" दिसतंय, तेच निवडू ना?
४. सासऱ्यांना मित्रांसाठी रम न्यायची आहे. बार्बाडोसहून लंडनमार्गे मुंबईपर्यंत कशी न्यावी?
५. आम्ही लंडनला उतरू त्याच दिवशी त्यांना मुंबईचं विमान घेता येईल का?

---

पश्चिमवारा

येताना. यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

जातानाचं विमान दिवसाचं असतं. साधारण नऊ तास, सिनेमे बघत जातात, आणि उतरल्यावर संध्याकाळच असते. त्या प्रवासात आडवं व्हायची गरज कुणालाच नसते. येतानाचं विमान ब्रिजटाऊनहून (बार्बाडोसची राजधानी) संध्याकाळी सुटतं, वाऱ्याची साथ असल्यामुळे आठेक तासांत पोचतं आणि लंडनला सकाळ असते. फेब्रुवारीत लंडन चार तास पुढे. म्हणजे सहाला सुटलेलं विमान इथे सहाला उतरतं तेव्हा शरीराच्या घड्याळात रात्रीचे दोन वाजलेले असतात. सपाट पलंगाचे पैसे वसूल होतात ते याच रात्री.

दुसरं कारण कराचं. यूकेतून निघणाऱ्या विमानावर एअर पॅसेंजर ड्यूटी लागते, परत येणाऱ्यावर नाही. एप्रिल २०२६ पासून बार्बाडोसच्या अंतराच्या टप्प्यात इकॉनॉमीला माणशी १०२ पौंड आणि त्यावरच्या क्लासला २४४ पौंड आहेत. प्रीमियम इकॉनॉमीसुद्धा वरच्या दरातच मोडते, हे बरेच जण विसरतात. सोळा वर्षांखालच्या मुलांना हा कर माफ आहे, पण फक्त इकॉनॉमीत. त्यामुळे जाताना सगळे इकॉनॉमीत बसलात तर मुलीचा कर शून्य आणि तुमचा सगळ्यांचा खालचा दर.

मात्र दोन सुटी तिकिटं काढू नका. मोठ्या कंपन्यांचं एकेरी तिकीट बऱ्याचदा परतीच्या तिकिटाच्या निम्म्यापेक्षा खूप महाग पडतं. एकाच बुकिंगमध्ये जाण्याला इकॉनॉमी आणि येण्याला बिझनेस निवडा.

पॉइंट्स वापरून अपग्रेड करायचा बेत असेल तर ब्रिटिश एअरवेजमध्ये एव्हिऑसवर (त्यांचे पॉइंट्स) एकच पायरी वर जाता येतं. बिझनेसमध्ये पोचायचं तर आधी प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट हवं, आणि त्या विमानात बिझनेसची रिवॉर्ड सीटही (पॉइंट्सवर मिळणारी) शिल्लक हवी. सगळ्यात स्वस्त, फक्त हँडबॅगवाल्या इकॉनॉमी तिकिटावर अपग्रेड होतच नाही. शाळेच्या सुट्टीत पाच सीट अशा मिळतील या भरवशावर बसू नका.

---

खिडकीपाशी

सीटबद्दल लिहिते. तिकीट काढण्याआधी विमानाचा सीट-मॅप उघडा आणि आडव्या ओळीत किती सीट आहेत ते मोजा.

ब्रिटिश एअरवेजच्या बिझनेसचे दोन अवतार आहेत. जुन्या क्लब वर्ल्डमध्ये ७७७ विमानात २-४-२ अशी मांडणी असते. खिडकीतल्या माणसाचं तोंड मागे आणि शेजारच्या आयलवाल्याचं (आयल म्हणजे ये-जा करायची वाट) पुढे. पलंग केल्यावर खिडकीतून बाहेर पडायला बहुतेक ओळींत शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. अंधारात, दुखऱ्या गुडघ्यांनी, हे नकोच. २०१९ पासून आलेल्या क्लब स्वीटमध्ये १-२-१ मांडणी आहे, दार आहे, आणि प्रत्येक सीटवरून थेट आयलमध्ये पाऊल पडतं. दोन्हींचं भाडं सारखं असू शकतं, म्हणून आकडे मोजायला सांगतेय.

जुनी मांडणी निघाली तर सासूबाईंना आयल द्या आणि आतल्या सीटवर घरच्याच माणसाला बसवा, म्हणजे पाय ओलांडणारा परका नसेल. मुलीला खिडकी. तिच्या पायांची लांबी बघता ती सहज निसटेल.

ब्रिटिश एअरवेजमध्ये बिझनेसलाही आधी सीट निवडायचे पैसे पडतात (नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या त्यांच्या क्लबात वरचा दर्जा असेल तर नाही). सुटण्याआधी २४ तासांवर चेक-इन उघडलं की फुकट, पण तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात. व्हर्जिन अटलांटिकच्या अपर क्लासमध्ये सीट निवडणं फुकट आहे. पाच जणांचा हिशोब करताना हे धरा.

आणखी एक. पलंग पूर्ण सपाट केला की तो बराच खाली जातो. गुडघे दुखणाऱ्याने त्या अवस्थेतून उठू नये. आधी बटण दाबून सीट बसती करायची, मग उभं राहायचं. सासूबाईंना हे विमान सुटण्याआधीच एकदा करून दाखवा. पट्टाही पांघरुणाच्या वरून बांधायला सांगा, नाहीतर विमान हललं की पट्टा बघायला कर्मचारी झोपेतून उठवतात.

---

जिना_नको

व्हीलचेअर मागणार असाल तर नुसतं "व्हीलचेअर" लिहून थांबू नका. कोड तीन आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढता येत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं.

ब्रिजटाऊनच्या ग्रँटली अॅडम्स विमानतळावर अनेकदा धावपट्टीच्या बाजूने चालत जाऊन जिन्याने विमानात चढतात. डब्ल्यूसीएचआर घातलं तर मदतनीस जिन्याच्या पायथ्याशी आणून सोडेल आणि पुढे सासूबाई आणि तो उंच जिना. डब्ल्यूसीएचएस घातलं की उचलणारी गाडी लावतात. किमान ४८ तास आधी बुकिंगमध्ये नोंद हवी.

(त्याच विमानतळावर काँकर्ड जी-बीओएई, म्हणजे आवाजाहून वेगाने उडणारं जुनं प्रवासी विमान, ठेवलेलं आहे. सासऱ्यांना विमानांची आवड असेल तर सांगून ठेवा.)

---

फोडणीचं_वरण

थांबा, हिंदू मील निवडू नका!

एचएनएमएल, म्हणजे हिंदू मील, हे मांसाहारी जेवण आहे. गोमांस नसतं एवढंच, कोंबडी किंवा मटण येऊ शकतं. तुम्हाला हवं ते एव्हीएमएल, एशियन व्हेजिटेरियन. आपल्याकडच्यासारखं मसालेदार, दूध-दही असू शकतं, अंडं साधारणपणे नसतं. व्हीएलएमएल, म्हणजे लॅक्टो-ओव्हो, यात अंडं असतं आणि सकाळच्या नाश्त्याला हमखास ऑम्लेट पुढ्यात येतं. कांदा-लसूण चालत नसेल तर व्हीजेएमएल, जैन. त्या दिवशी उपवास असेल तर एफपीएमएल, फळांचं ताट.

किमान २४ तास आधी नोंदवा, आणि प्रत्येक उड्डाणासाठी वेगळं. जातानाची नोंद येतानाला आपोआप लागेलच असं नाही. विमान बदललं किंवा अपग्रेड झालं तर पुन्हा तपासा. जेवणाची नोंद अशा वेळी गळून पडते.

झोप हवी असेल तर विमानातलं रात्रीचं जेवण घेऊच नका असं माझं मत आहे. आठ तासांतले दीड-दोन तास जेवणात आणि उतरण्याआधीचा तास-सव्वा तास दिवे नि नाश्त्यात जातो. झोपेला उरतात पाचेक तास. लाउंजमध्ये पोटभर जेवून विमानात चढल्या चढल्या पलंग करायला सांगितला तर सहा तास मिळतात. नाश्त्यालाही उठवू नका म्हणून सांगता येतं.

---

रीडिंगकर

हिंदू मील मांसाहारी असेल असं स्वप्नातही आलं नसतं, खूप आभार!

अजून एक फाटा फुटलाय. नवऱ्याचा मित्र पोर्ट ऑफ स्पेनला असतो. मध्येच दोन दिवस त्रिनिदादला जाऊन येऊ का?

---

डॉ_साळुंकी

तुम्ही तिघं खुशाल जा. सासू-सासऱ्यांचं थोडं अवघड आहे.

भारताच्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) यादीत त्रिनिदाद आहे, बार्बाडोस नाही. यादीतला भाग सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, त्यानंतर आयुष्यभर चालतं. ते अधिकृत केंद्राचंच हवं.

"मग लस घेऊन टाकू" असं म्हणू नका. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. डॉक्टर त्यांची सगळी औषधं बघूनच ठरवतील. सोपा उपाय असा की त्रिनिदाद गाळा, किंवा तिथून निघाल्यावर मुंबईच्या आधी सहा दिवसांपेक्षा जास्त जातील असं वेळापत्रक करा. मित्रालाच बार्बाडोसला बोलवा, विमानाने तासाभराचं तर अंतर आहे.

शिवाय शेवटच्या दिवशी कुणी स्कूबा करणार असेल तर पाण्यातून बाहेर आल्यावर विमानात बसेपर्यंत २४ तास जाऊ द्या. रक्तात विरघळलेला नायट्रोजन केबिनच्या कमी दाबात बुडबुडे धरतो. स्नॉर्केलिंगला ही अट नाही. आणि उन्हात पाठ भाजून घेऊ नका, मग सपाट पलंगाचा काय उपयोग!

---

कस्टमची_रांग

रमचं सांगतो.

चेक-इन बॅगेत २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते, बंद बाटलीत. ७० च्या वर विमानात अजिबात नाही, ना खाली ना वर. बार्बाडोसच्या नेहमीच्या रम चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास असतात, त्यांची चिंता नाही. शेजारच्या बेटांवरच्या जहाल बाटल्यांचं बघा. सेंट व्हिन्सेंटची सनसेट ८४.५ टक्के आहे, ती राहिली तिथेच. ग्रेनाडाच्या रिव्हर अँटवान भट्टीची मूळ रम ७५ च्या घरातली, म्हणून विमानाने जाणाऱ्यांसाठी ते ६९ टक्क्यांची वेगळी बाटली विकतात. लेबल वाचून घ्या.

यूकेत कडक दारू माणशी ४ लिटर करमुक्त. भारतात मात्र एकूण दारू माणशी २ लिटर. म्हणजे सासऱ्यांच्या दोन बाटल्या आणि सासूबाईंच्या नावावर दोन. बाटल्या एक लिटरच्या घ्या, ७५० मिलीच्या घेतल्या तर हिशोब नीट बसत नाही.

ड्यूटी-फ्रीमधून घेतलेली बाटली हातात ठेवून लंडनच्या सुरक्षा तपासणीतून न्यायचा खटाटोप करू नका. लंडनला बॅग ताब्यात येणार असेल तर तिथे बॅगेत टाका. थेट मुंबईपर्यंत टॅग लागलेली बॅग मध्ये उघडता येत नाही. तसं असेल तर दुकानातून आधीच घेऊन ब्रिजटाऊनलाच बॅगेत भरा, कपड्यांच्या मध्ये, काठापासून दूर.

वजनाचं म्हणाल तर परतीच्या बिझनेसला माणशी ३२ किलोच्या दोन बॅगा, जातानाच्या इकॉनॉमीत २३ ची एक. पण मुंबईचं तिकीट वेगळं असेल तर तिथे त्या तिकिटाची मर्यादा लागेल.

शंख आणायचा मोह होईल. क्वीन कॉन्च हा साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, स्वतःच्या वापरासाठी माणशी तीनपर्यंत सूट असते. कासवाच्या पाठीच्या वस्तू आणि काळं प्रवाळ बघूही नका.

---

पश्चिमवारा

पाचव्या प्रश्नाचं राहिलं.

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटक म्हणून व्हिसा लागत नाही. यूकेचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा एकाहून अधिक वेळा आत येण्यासाठी चालतो, फक्त परतीच्या तारखेला त्याची मुदत शिल्लक हवी. मुंबईच्या तिकिटाची प्रत हाताशी ठेवा, अधिकारी विचारू शकतात.

धाग्यावर थेट भारतातून जाणारे कुणी असतील तर त्यांच्यासाठी: हीथ्रोला बाहेर न पडता विमान बदलायलासुद्धा भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते. गॅटविकला उतरून हीथ्रोहून मुंबई असेल तर इमिग्रेशन ओलांडावंच लागतं. तिथे ही सूट बार्बाडोसहून येणाऱ्याच्या कामाची नाही, कारण तो त्या चार देशांकडे जात नाही की तिथून येत नाही. मायामीमार्गे गेलात तर बॅग उचलून अमेरिकेत रीतसर प्रवेश करावा लागतो, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हवाच.

त्याच दिवशी मुंबई जमेल, पण तिकिटं वेगळी असतील तर दोन उड्डाणांत पाच तासांहून कमी ठेवू नका, आणि गॅटविक-हीथ्रो असेल तर सात. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. एकाच तिकिटावर घेतलं तर जबाबदारी त्यांची. हीथ्रोच्या टर्मिनल ५ ला ब्रिटिश एअरवेजचं अरायव्हल्स लाउंज आहे, तिथे अंघोळ-नाश्ता होतो. गॅटविकला ते गृहीत धरू नका.

खरं तर सत्तरीच्या माणसाला सलग दोन लांब प्रवास देऊच नयेत. दोन रात्री तुमच्याकडे राहू द्या.

---

रीडिंगकर

दोन रात्री ठरल्या, त्रिनिदाद रद्द. शेवटचं: पैसे भरून ऐनवेळी बिझनेसमधून खाली बसवलं तर?

---

कस्टमची_रांग

यूकेच्या किंवा युरोपीय संघातल्या कंपनीचं विमान असेल तर बार्बाडोसहून लंडनला येतानाही यूके २६१ हा विमान प्रवाशांच्या हक्कांचा नियम लागू होतो. ३५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासात खालच्या क्लासमध्ये बसवलं तर त्या उड्डाणाच्या भाड्याचे ७५ टक्के सात दिवसांत परत. हिशोब कर वगळून होतो आणि दोन्ही बाजूंच्या एकूण रकमेवर होत नाही. म्हणून तिकीट काढतानाच दोन बाजूंचं भाडं वेगवेगळं दिसणारं पान जपून ठेवा. विमानतळावर व्हाउचर पुढे केलं तर सही करण्याआधी वाचा. "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेलं असलं की पुढचा दावा अडतो. खाली बसवल्याचा लेखी कागद मागा आणि दोन्ही बोर्डिंग पास टाकू नका.

विमानच रद्द झालं तर हॉटेल, जेवण आणि दुसरं विमान ही कंपनीची जबाबदारी, हवामानामुळे रद्द झालं असलं तरी. भरपाईचे ५२० पौंड मात्र हवामानात मिळत नाहीत. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, फेब्रुवारीत ती भीती नाही. ज्वालामुखीचं कुणी सांगावं, एप्रिल २०२१ मध्ये सेंट व्हिन्सेंटच्या राखेने बार्बाडोसचा विमानतळ बंद पडला होता. सासू-सासऱ्यांची रोजची औषधं चार दिवस जास्तीची आणि हँडबॅगेतच ठेवा.

---

जिना_नको

परतीच्या दिवशी हॉटेलची खोली दुपारपर्यंत रिकामी करावी लागते आणि विमान संध्याकाळी. "डे रूम" किंवा उशिराचं चेक-आउट आधीच मागून ठेवा, अंघोळ तिथेच उरकेल. पश्चिम किनाऱ्यावर होलटाऊनच्या बाजूला राहणार असाल तर विमानतळासाठी दीड तास हातात ठेवून निघा. चारनंतर एबीसी हायवे (तिथला मुख्य रस्ता) तुंबतो.