थकलेल्या, अनेक आजार असलेल्या वृद्धांना औषधचाचण्यांत घ्यावं का?

रानवारा: हृदयाचे ठोके अनियमित असले की गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी देतात. जुन्या गोळ्यांना (वॉरफरिन, असेनोकूमॅरॉल) आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वारंवार तपासावं लागतं. नव्या गोळ्या मोठ्या चाचण्यांत सरस ठरल्या, म्हणून सगळ्यांनाच बदलून देण्याकडे कल झाला. नेदरलँड्समध्ये हाच बदल पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, खंगलेल्या रुग्णांत तपासला. २०२३ चा निकाल: जुनी गोळी चालू ठेवलेल्यांत ९.४ टक्क्यांना रक्तस्राव, बदललेल्यांत १५.३ टक्क्यांना. गुठळ्या कमी झाल्या असंही नाही. चाचणी मुदतीआधीच थांबवली.

या लोकांना चाचणीतून वगळलं म्हणून ते औषधापासून सुटत नाहीत. तेच औषध घरी घेतात, फक्त काय झालं हे कुणी लिहून ठेवत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

साळुंकी: माझी आई ८४ वर्षांची. मधुमेह, किडनी, गुडघे, हल्ली विसरतेही. जिना उतरवून रिक्षात बसवताना तिचा जीव मेटाकुटीला येतो. तिला विचारलं तर म्हणेल, "डॉक्टर म्हणतात तर करू." याला संमती म्हणायचं? सही मी करणार, सुया तिला टोचणार. माझा विरोध आहे.

गणिती: माझा आक्षेप वेगळा. दहा गोळ्या घेणारा माणूस कशाने आजारी पडला, कशाने गेला, काय कळणार? औषधाचा खरा परिणाम त्या गोंधळात बुडतो. आधी धडधाकटांवर सिद्ध करा, मग यांच्याकडे वळा.

रानवारा: गणिती, ते "मग" उजाडतच नाही. रक्तदाबावरची हायव्हेट चाचणी घ्या (२००८). ऐंशीच्या पुढचे ३,८४५ लोक, औषधाने मृत्यू २१ टक्क्यांनी कमी. मोलाचं काम. पण स्मृतिभ्रंश असलेले आणि शुश्रूषेवर अवलंबून असलेले त्यात नव्हते. अंथरुणाला खिळलेल्या आजीचा रक्तदाब किती खाली आणायचा, हे त्या आकड्यांवरून कसं सांगणार? आणि डच चाचणीत गोंधळ आडवा आला नाही, कारण रक्तस्राव झाला का, हा नेमका प्रश्न विचारला होता.

साळुंकीताई, जिन्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. संशोधकांनी घरी यावं, रक्तही घरीच घ्यावं. आणि सही कुणाचीही असो, आईंनी हात मागे घेतला की तिथेच थांबावं.

गणिती: नेमका प्रश्न असेल तर चालेल. सरसकट भरती नको, एवढंच म्हणतो.

साळुंकी: घरी येणार असाल तर ऐकून घेईन. पण इजेचं काय?

रानवारा: आपल्याकडे २०१९ च्या नियमांत चाचणीमुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई आहे.

साळुंकी: "चाचणीमुळे" हेच तर ठरवायचंय ना! उद्या आई चक्कर येऊन पडली, खुबा मोडला, तर औषधाने पडली की वयाने? तिशीतल्या माणसाबद्दल असा वाद सहसा होत नाही. आईबद्दल दर वेळी होईल. संशयाचा फायदा तिला मिळेल असं आधी लेखी द्या, मग सहीचं बघू.