नऊ वर्षांच्या मुलीसाठी फुटबॉलचे प्रशिक्षण कोठे घ्यावे?

प्रश्न (एक पालक, मनीषनगर, नागपूर): माझी मुलगी नऊ वर्षांची असून शाळेत मुलांबरोबर फुटबॉल खेळते आणि आता तिला नियमित प्रशिक्षण हवे आहे. घराजवळ टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) चालणाऱ्या अकादमीचे शुल्क बरेच आहे आणि ते वर्षभराचे एकदम भरावे लागते. एका जुन्या क्लबचा सराव मातीच्या मैदानावर नाममात्र शुल्कात होतो, मात्र तेथे मुली मोजक्याच आहेत. निवड करताना नेमके काय पाहावे?

उत्तर (माजी खेळाडू, कामठी): दोन्ही ठिकाणी एकेक पूर्ण सराव कडेला बसून पाहा. मुले रांगेत किती वेळ ताटकळतात आणि प्रत्येकीच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो, एवढ्यावरूनच बरेच कळते. या वयाला लहान मैदान, पाच-पाच किंवा सात-सात जणांचे सामने आणि चार क्रमांकाचा, म्हणजे थोडा लहान चेंडू योग्य ठरतो. पूर्ण मैदानावर अकरा-अकरा जणांना पाच क्रमांकाच्या मोठ्या चेंडूने खेळवले जात असेल, तर तेथे सामने जिंकण्याची घाई आहे असे समजावे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षकांसाठी डी, सी, बी, ए असे चढते परवाने असतात. मैदानावर रोज शिकवणाऱ्या व्यक्तीकडे यांपैकी कोणता आहे, हे स्पष्ट विचारा, कारण फलकावर नाव एकाचे आणि शिट्टी दुसऱ्याच्याच हाती, असेही आढळते. शुल्कावरून दर्जा ठरवू नये. विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचा उपक्रम सुरू केला, तो याच नागपुरात.

उत्तर (खेळाडू मुलीची आई, धंतोली): वरील मत मान्य आहे, पण मातीच्या मैदानावर पावसाळ्यात सराव किती दिवस बंद राहतो, हेही विचारून घ्यावे. टर्फची अडचण उन्हाळ्यात येते: पारा 45 अंशांकडे सरकला की ते मातीपेक्षा जास्त तापते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सरावाची वेळ भल्या पहाटेची आहे का, हे पाहावे. मुली मोजक्या असणे या वयात मला अडचणीचे वाटत नाही. स्वच्छतागृह नसणे, महिला प्रशिक्षक किंवा जबाबदार महिला उपस्थित नसणे आणि पालकांना सराव पाहू न देणे, या गोष्टी मात्र मी खपवून घेणार नाही.

उत्तर (शालेय क्रीडाशिक्षक): हेडिंगविषयीही, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याविषयीही विचारा. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 2020 मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून ते वगळण्याची सूचना केली. आपल्याकडे काही प्रशिक्षक आजही लहानग्यांकडून ते घोटून घेतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. क्लबचा सराव या रविवारी पाहून येते. अकादमीला आधी एका महिन्याचे शुल्क स्वीकारण्याची विनंती करीन. त्यांनी नकार दिला, तर तो पर्याय सोडून देईन.